पुडीत काय आहे ते आधी सांगा

“पेनकिलर खाल्ली की किडनी गेलीच म्हणून समजा” आणि “झाडपाल्यानं कुणाचं कधी वाईट झालंय?” या दोन वाक्यांमध्ये आमच्या सोलापुरातला सांधेदुखीचा सगळा वाद अडकून पडला आहे. व्हॉट्सॲपवर डायलिसिसच्या खाटेचा फोटो फिरतो आणि त्याखाली लगेच कुणीतरी गुडघ्याच्या चूर्णाचा फोन नंबर टाकतं. मग एखादे डॉक्टर चिडून लिहितात, तुमच्या चूर्णांनी लिव्हर बिघडलेले पेशंट शेवटी आम्हालाच निस्तरावे लागतात. त्यावर ‘ॲलोपॅथीची लॉबी’ हे ठरलेलं उत्तर येतं. दोन्हीकडची उदाहरणं खरी असतात आणि तरी भांडण भलत्याच जागी चाललेलं असतं. हाडा-स्नायूंच्या दुखण्यात ‘इंग्रजी की आयुर्वेदिक’ हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. जे पोटात चाललं आहे त्यात काय आहे, किती आहे आणि ते नेमक्या कोणत्या दुखण्यासाठी आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक आहे का, हा पहिला प्रश्न. बिननावाचं औषध दारोदार फिरणाऱ्याच्या झोळीतून येवो, दवाखान्याच्या कागदी पुडीतून येवो की मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेल्या पट्टीतून, धोका तिथे आहे. नाव-गाव असलेल्या औषधांची सरसकट भीती घालणारे लोक अजाणता माणसांना त्याच बिननावाच्या औषधाकडे ढकलत आहेत, असं माझं मत आहे.

हा वाद सोलापुरात इतका पेटतो याला कारण आहे. हे शहर अंगमेहनतीवर उभं राहिलं. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून इथली माणसं कंबर, खांदे आणि बोटं विकून जगत आली. गिरण्या गेल्या, यंत्रमाग गल्लीबोळांत शिरले. चादर आणि टॉवेल विणणारा कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असतो, तुटलेला धागा सांधायला दर थोड्या वेळानं वाकतो. त्याच्याच घरात बायको किंवा आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते: मान खाली, पाठीला टेकू नाही, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं दिवसभर एकच हालचाल करणारी. मजुरी हजारावर, त्यामुळे बोट दुखलं म्हणून थांबायची सोय नाही. त्यात २००६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्‌महिने धरून राहिले. दुखण्यावर गोळी मागून घ्यायची सवय घरोघर लागली ती अशा सगळ्या वाटांनी.

पण ‘सांधेदुखी’ म्हणून आपण जे एका पोत्यात भरतो त्यात निदान चार वेगळी दुखणी आहेत. कामाच्या ताणानं धरलेली कंबर वेगळी. पन्नाशीनंतर झिजलेला गुडघा वेगळा. युरिक ॲसिडचे खडे साचून अंगठ्याच्या सांध्याला एका रात्रीत आग लावणारा गाऊट वेगळा. आणि शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आवरणावर उलटते तो आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो, सर्वांत वेगळा. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. साधारण अठरा टक्के लोकांना हाडा-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं, ऱ्हुमॅटॉइड मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का म्हणजे थोडाच, असं कुणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. त्यातले प्रौढ सहा लाख धरले तर ढोबळ हिशेबानं तीन हजार माणसं होतात. या तीन हजारांना पहिले काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात योग्य औषध मिळालं तर सांधा वाचतो. नाही मिळालं तर बोटं वाकडी होतात आणि मग जगातली कुठलीही गोळी, कुठलंही तेल ती सरळ करत नाही.

आता पेनकिलरविरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. ही औषधं निरुपद्रवी नाहीत. ती काम कशी करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनवर दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. दुखणं आणि सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, गोळी ती तयार होऊ देत नाही. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात आणि अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. अडचणीची वेळ म्हणजे कोणती? मे महिना, बाहेर ४३ अंश, पत्र्याखाली माग चाललेले, घामानं बनियन पिळून निघालेलं, पाणी प्यायला वेळ नाही, आणि वरून डायक्लोफिनॅक ही पेनकिलर. त्या माणसाला रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला खिंडीत गाठतात. म्हणून ‘किडनी जाते’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही. अर्धवट आहे इतकंच. धडधाकट तिशीच्या माणसानं जेवून, पाणी पिऊन, कमीत कमी डोस तीन-चार दिवस घेणं आणि मधुमेह असलेल्या साठीच्या बाईनं वर्षभर रोज दोन घेणं, या दोन गोष्टींना एकच शिक्षा सांगणारा माणूस सावध करत नाही, घाबरवतो. घाबरलेला माणूस दुखणं सोसत बसत नाही. तो दुसरं काहीतरी घेतो.

व्हायॉक्स या पेनकिलरचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. १९९९ मध्ये आलेलं हे औषध पोटाला सौम्य म्हणून जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलं आणि सप्टेंबर २००४ मध्ये हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून कंपनीनं ते बाजारातून मागे घेतलं. ‘बघा, ही तुमची मोठमोठी औषधं!’ असं म्हणून टाळी घेता येते. कंपनीनं धोक्याच्या खुणा लवकर ओळखायला हव्या होत्या ही टीकाही रास्तच. पण दोष सापडला कसा, हे कुणी विचारत नाही. आतड्यातल्या गाठी परत होऊ नयेत म्हणून चाललेल्या एका चाचणीत अर्ध्या लोकांना हे औषध होतं, अर्ध्यांना नुसती कोरी गोळी. दोन्हीकडच्या हृदयविकारांची नोंद होत होती, म्हणून फरक दिसला. औषधाला नाव होतं, डोस ठरलेला होता, म्हणून ते बाजारातून उचलता आलं. सोलापूरच्या साखर पेठेत मिळालेली पुडी कुणी आणि कुठून मागे घ्यायची?

गिधाडांची गोष्ट याहून बोलकी. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण पुढे आलं: जनावरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफिनॅक. मेलेल्या बैलाच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडं बंद पडत आणि शरीरभर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचे. जे औषध बैलाला आणि माणसाला बेताच्या डोसात चालतं ते गिधाडाला चिमूटभरही चालत नाही. ते कुणाच्या मूत्रपिंडात जातंय हे पाहिल्याशिवाय औषधाला विष म्हणायचं की अमृत, हे ठरत नाही. पुढचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. मग २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलीटरवर आणली गेली. नाव माहीत, वाट माहीत, तर अशी वाट अडवता येते. नुसत्या उपदेशानं गिधाडं वाचली नसती.

आयुर्वेदाच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्यातही बरंच खरं आहे, आणि ते मान्य करताना आमच्या डॉक्टर मित्रांनी उगाच कपाळाला आठ्या घालू नयेत. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. सांध्यांची सूज, ताठरपणा आणि सोबत भूक मंदावणं यांचं जे वर्णन तिथे येतं ते वाचून आजचा डॉक्टरही मान हलवेल. डॉ. चोप्रांच्याच गटानं झिजलेल्या गुडघ्यावर आयुर्वेदिक मिश्रणं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही पेनकिलर यांची शास्त्रशुद्ध तुलना केली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आयुर्वेदिक मिश्रणं दुखणं कमी करण्यात सेलेकॉक्सिबच्या बरोबरीनं उतरली. कोइमतूरला ऱ्हुमॅटॉइडच्या ४३ रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीतही शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार मेथोट्रेक्झेट या त्या आजारावरच्या मुख्य औषधापेक्षा मागे पडले नाहीत. संख्या लहान आहे, पण तिला हसण्यावारी नेण्याचं कारण नाही. मात्र गुडघ्याच्या त्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. आयुर्वेदिक मिश्रणं घेणाऱ्यांपैकी काहींचं एसजीपीटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारा आकडा, वाढलेला निघाला. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. रक्त तपासलं म्हणून कळलं. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असणार, आणि तो मोजल्याशिवाय दिसणार नाही, हे याहून स्वच्छ कसं सांगायचं?

झाडपाला म्हणजे निर्धोक असं म्हणणाऱ्यांनी कळलावीकडे बघावं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फुलणारं हे झाड शेतकरी पोरांना हात लावू देत नाहीत. आयुर्वेदानं तिला लांगली म्हणून उपविषांत धरलं आहे आणि शोधनाशिवाय, म्हणजे विषारीपणा कमी करणाऱ्या प्रक्रियेशिवाय, वापरू नये असं बजावलं आहे. तिच्यातल्या कोल्चिसिनवर गाऊटचा झटका उतरतो, आणि डोस थोडा चुकला तर माणूस दगावतो. याच कळलावीतल्या द्रव्यापासून थायोकोल्चिकोसाइड बनतं, आणि आखडलेल्या कमरेसाठी मेडिकलमधून जी ‘इंग्रजी’ गोळी मिळते त्यांतल्या कितीतरी गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅक या पेनकिलरच्या जोडीला तेच असतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये ते पोटातून सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये आणि गरोदर बाईनं अजिबात घेऊ नये, असं ठरवलं. आता हे औषध कोणत्या छावणीत घालायचं? कुंपणावरचं झाड आणि चकचकीत पट्टी यांच्यामध्ये लोकांनी जी भिंत कल्पिली आहे तिच्या दोन्ही बाजूंना एकच मूळ पसरलेलं आहे.

हे सगळं असलं तरी गल्लीत विकली जाणारी पुडी आयुर्वेद नव्हे, आणि हे सर्वांत आधी वैद्यांनी ओरडून सांगायला हवं. आमच्या ओळखीतल्या एका विडी वळणाऱ्या बाईंचं सांगतो. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटेना, पान कापायची कात्री धरवेना. दाराशी आलेल्या माणसाकडून त्यांनी पुड्या घेतल्या: वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी भुकटी, सकाळी एक, रात्री एक, कोमट पाण्यातून. तिसऱ्या दिवशी कात्री चालायला लागली. महिन्याभरात भूक वाढली, गाल वर आले, शेजारणी म्हणाल्या, “अक्का, औषध अंगाला लागलं बघा.” गल्लीत आणखी पाच-सहा घरांनी पुड्या घेतल्या. काही महिन्यांनी साखर वाढलेली निघाली, दंडावर जरासं लागलं तरी काळेनिळे डाग पडू लागले. डॉक्टरांनी विचारलं, काय घेता? पुडीवर वाचण्यासारखं होतं ते जुन्या वर्तमानपत्राचं, औषधाचं काहीच नव्हतं. घाबरून त्यांनी पुडी एका दिवसात बंद केली आणि मग अंथरुणावरून उठताही येईना, चक्कर, उलट्या. लक्षणांचा हा असा क्रम पाहिला की डॉक्टरांना पहिली शंका स्टेरॉइडची येते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. ते एकदम तोडलं तर जीवावर बेततं. भुकटीत औषधाची चुरलेली गोळी होती की नाही हे प्रयोगशाळेशिवाय कोण सांगणार? आणि पुडी संपल्यावर प्रयोगशाळेत पाठवायचं तरी काय?

या चमत्काराला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइडनं अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालू-फिरू लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. पण डोस वाढत गेले तशी सुजलेली तोंडं, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर दिसू लागली आणि काही वर्षांत चमत्काराचा रंग उतरला. म्हणून स्टेरॉइड टाकाऊ ठरलं का? नाही. आजही नवीन औषध लागू पडेपर्यंतचे काही आठवडे काढायला थोड्या डोसात ते वापरतात, गाऊटच्या झटक्यात वापरतात, कित्येकांचा जीव त्यानं वाचतो. जगानं जो धडा १९५० च्या दशकात नोंदी ठेवून, तपासण्या करून शिकला, तोच धडा सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागवाल्यांच्या आणि विडीवाल्यांच्या वस्तीतल्या बाईला स्वतःच्या हाडांवर पहिल्यापासून शिकावा लागतो आहे. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यात ज्या आजारांवर रामबाण म्हणून जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत संधिवातही आहे. कायदा सत्तरी ओलांडून गेला. रिक्षाच्या पाठीवर ‘सांधेदुखी मुळापासून’ तशीच.

मेडिकलवाल्यांना आणि छोट्या दवाखान्यांना इथे बरं वाटायला नको. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात अशोक चौकाच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहून बघा. केसांत सुताची लव अडकलेला माणूस येतो. “कंबरेची दोन द्या.” दहाच्या पट्टीतून दोन कापल्या जातात, सोबत पित्ताची एक. “जेवून घे बरं का.” वीस सेकंदांत व्यवहार संपला. औषधाचं नाव पट्टीच्या एका टोकाला, मुदतीची तारीख दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही टोकं दुकानातच राहिली. मागून बाई येते: “मागच्यासारखीच द्या, पांढरी आणि बारीक पिवळी.” म्हणजे औषधाची ओळख रंगावर आली. कित्येक दवाखान्यांत डॉक्टर स्वतः डब्यांतून चार गोळ्या काढून कागदात बांधतात, एक सुई देतात, दोन दिवसांत बरं वाटतं आणि पेशंट खूश. त्या चारांत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, होती का? पेशंटला माहीत नाही, पुढच्या डॉक्टरला माहीत नाही. वैदूच्या पुडीत आणि या पुडीत फरक सांगायचा तर पदवीचा. केंद्र सरकारनं मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत दुखण्याच्या गोळ्याही होत्या. छापील मिश्रणांवर बंदी येते, कोर्टकज्जे होतात. काउंटरवर हातानं होणारं मिश्रण कुठल्या राजपत्रात येणार?

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप गरिबीचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी, फी, तपासण्या. सोलापुरात संधिवाततज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक पुण्याला किंवा हैदराबादला जातात, म्हणजे ज्यांना जमतं ते जातात. अशा माणसाला ‘चिठ्ठीशिवाय काहीच देऊ नका’ म्हणणं क्रूरपणा आहे. पटतं मला. म्हणूनच सरसकट कडक अंमलबजावणीची जी मागणी अधूनमधून होते तिला माझा पाठिंबा नाही. डायक्लोफिनॅकची दोन गोळ्यांची वाट अडवली आणि पुडीवाला मोकळा ठेवला, तर माणूस कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. स्टेरॉइड आणि ट्रॅमाडॉलसारख्या औषधांना चिठ्ठी हवीच. बाकीच्यांसाठी मेडिकलवाल्यानं तीन गोष्टी विचाराव्यात: रक्तदाब किंवा साखरेची गोळी चालू आहे का, पोटात कधी व्रण होता का, किती दिवसांपासून हीच गोळी घेताय? आणि पाकिटावर पेनानं नाव, डोस, तारीख लिहून द्यावी. गुडघ्याला तर आधी चोळायचं मलम सुचवावं. झिजलेल्या गुडघ्याला पहिलं औषध म्हणून गोळीआधी मलम, असं इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, कारण वरून लावलेलं रक्तात फार थोडं उतरतं. आजीचा तेल चोळण्याचा हट्ट अगदीच अडाणी नव्हता.

गरिबाला पुडीच परवडते, असं म्हणणाऱ्यांना कोयनेलची आठवण करून द्यावीशी वाटते. १८९२ पासून बंगालात हिवतापावरचं कोयनेल पोस्टातून एकेका पैशाच्या पुडीत विकलं जाई. ती पुडीच होती, गरिबासाठीच होती, डॉक्टर मध्ये नव्हता. पण आत किती ग्रेन आहे हे ठरलेलं होतं आणि ते सरकारी देखरेखीखाली भरलेलं होतं. इंग्रज सरकारला रयतेचा कळवळा होता अशातला भाग नाही. तरी सव्वाशे वर्षांपूर्वी पोस्टमास्तरला जमलं ते आज संगणकावर बिल करणाऱ्या दुकानाला जमू नये?

घाबरवण्याची सर्वांत मोठी किंमत ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना मोजावी लागते. त्यांच्यासाठी पेनकिलर हे नुसतं आवरण आहे. आजार रोखणारं मुख्य औषध मेथोट्रेक्झेट, आणि ते महाग नाही. पण माहितीपत्रकात ‘कर्करोगावरील औषध’ हे शब्द दिसले की घरातला शिकलेला मुलगाच ते बंद करायला लावतो. खरं आहे, ते त्याच घराण्यातलं. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले कंपनीत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या गटानं फोलिक ॲसिडला अडवणारी ही द्रव्यं बनवली आणि १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर डॉ. सिडनी फार्बर यांना त्या द्रव्यांपैकी ॲमिनोप्टेरिनचा गुण दिसला. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. पुढे अगदी थोड्या डोसात सांध्यांसाठी त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्झेटचा उपयोग रुळला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला ऱ्हुमॅटॉइडसाठी मान्यता मिळाली. ज्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, तिथल्या बायकांची बोटं वाचवणारं औषध एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि तिथेच लोक त्याला घाबरून पुडी घेतात. या औषधाला धाक हवाच. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर माणूस मरू शकतो आणि अशा चुका झालेल्या आहेत. गरोदरपणात चालत नाही, रक्त आणि यकृत तपासत राहावं लागतं, सोबत फोलिक ॲसिड लागतं. पण हे सगळे धोके लिहिलेले आहेत, मोजलेले आहेत आणि टाळता येतात. ‘आठवड्यातून एकदा’ याऐवजी चिठ्ठीवर ‘फक्त मंगळवारी’ असं लिहिलं तरी निम्मी भीती जाईल.

कामगार चळवळीतले मित्र म्हणतील, औषधांवर एवढं चऱ्हाट कशाला? बारा तासांची पाळी आठ करा, बसायला पाठ टेकायची सोय द्या, निम्मी दुखणी आपोआप जातील. कंबर-मानेच्या दुखण्याबद्दल मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. गोळी देऊन माणसाला पुन्हा त्याच मागावर उभा करणं हा उपचार नव्हे, मालकाची सोय आहे. पण आमवात मजुरी बघून येत नाही. जिनं जन्मात सूप मांडीवर घेतलं नाही तिलाही तो होतो. शिवाय पाळी आठ तासांची होईल त्या दिवसाची वाट बघत आजची बोटं थांबणार नाहीत.

करायचं काय, तर सिव्हिलच्या तज्ज्ञांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलाकडे सांध्यांचा दवाखाना भरवावा. वेळ संध्याकाळचीच, विड्या कारखान्यात देऊन झाल्यानंतरची. सकाळच्या ओपीडीला मजुरी बुडवून कुणी येत नाही. मूठ किती वेळात मिटते हा एक प्रश्न, चार रक्ततपासण्या, आणि मेथोट्रेक्झेट-फोलिक ॲसिडचा पुरवठा न तुटणं एवढंच लागतं. अन्न व औषध प्रशासनानं पुड्यांचे नमुने गोळा करून निकाल जाहीर करावेत, वैद्यांच्या संघटनांनी त्यांच्या बरोबरीनं उभं राहावं. पैशाचं विचाराल तर विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्यानं खास उपकर होता, त्यातून दवाखाने चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तेव्हापासून या दवाखान्यांना हक्काचा पैसा उरला नाही, दर वर्षीच्या अंदाजपत्रकात जे पडेल ते. विडीवरचा कर मात्र सरकार आजही घेतं. त्यातला किती वाटा वळणाऱ्या बोटांवर खर्च होतो, हा प्रश्न सोलापूरच्या खासदार-आमदारांना गेल्या निवडणुकीत एकाही सभेत विचारलेला मी ऐकला नाही.